पत्ता बरोबर, पान भलतंच

बँकेचा पत्ता नीट टाइप केला, एंटर दाबलं आणि समोर आलं कुठल्याशा बक्षिसाचं पान. किंवा गुगलवर काहीतरी शोधायला टाकलं आणि निकाल आले कधी नावही न ऐकलेल्या सर्च इंजिनवरून. किंवा, सगळ्यात वाईट म्हणजे, पान बँकेचंच दिसतंय, फक्त लोगो किंचित धूसर आहे आणि एरवी कधीही न विचारलेला एटीएमचा पिन ते मागतंय. या तिन्ही तक्रारींवर घरोघरी निदान एकच ठरलेलं असतं: व्हायरस शिरला. मग ओळखीतल्या कुणाला तरी बोलावणं जातं, तो फॉरमॅट मारून देतो, सहलीचे फोटो आणि हिशेबाच्या फायली त्यात जातात, आणि चार दिवसांनी तेच बक्षिसाचं पान पुन्हा हजर होतं.

हे पुस्तक त्या फॉरमॅटच्या आधीच्या अर्ध्या तासासाठी आहे. ब्राउझर भलतीकडे जात असेल, तर काहीही पुसण्याआधी आणि इंटरनेटवरून कुठलंही ‘क्लीनर’ उतरवून घेण्याआधी वळण नेमकं कुठे लागतंय ते शोधा, एवढंच माझं म्हणणं आहे. वळण लागण्याच्या जागा मोजक्याच आहेत. प्रत्येक जागेची खूण वेगळी, इलाजही वेगळा. जागा न शोधता केलेला इलाज कधीकधी लागूही पडतो, पण तो का लागू पडला हे कुणालाच कळत नाही, आणि म्हणून तो टिकत नाही.

चुकीच्या निदानाचा भुर्दंड नुसता पैशांचा नसतो, हेही इथेच सांगायला हवं. घरात दोष लगेच कुणाच्या तरी माथी जातो. ‘नको त्या साइटवर गेला असशील’ म्हणून दहावीतल्या मुलाच्या, नाहीतर ‘तुम्ही दिसेल त्यावर क्लिक करता’ म्हणून आजोबांच्या. अशा बोलण्याने कॉम्प्युटरला हात लावायचंच सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. मूळ बिघाड माळ्यावरच्या राउटरमध्ये असतो, आणि ज्याने काहीच केलेलं नाही तो माणूस वर्षभर ऐकून घेत राहतो. शोध नीट घेतला तर त्याच्यावरचा आळही उतरतो. मला या कामाचं महत्त्व वाटतं ते यासाठीही.

आधी एक गैरसमज दूर करू. रिडायरेक्ट, म्हणजे एका पत्त्यावरून दुसरीकडे वळवलं जाणं, हा स्वतः आजार नाही. वेबच्या रोजच्या व्यवहारात तो सतत घडत असतो. पान कायमचं हलवलं असेल तर सर्व्हर ३०१ हा आकडा आणि नवा पत्ता पाठवतो, तात्पुरतं हलवलं असेल तर ३०२, आणि ब्राउझर निमूटपणे तिकडे जातो. रेल्वेचं तिकीट काढताना आपण तिकिटाच्या साइटवरून पैसे भरण्याच्या पानावर, तिथून बँकेच्या पानावर आणि परत तिकिटाकडे येतो, तो सगळा प्रवास याच मार्गाने होतो. स्टेशनवर किंवा हॉटेलात वाय-फाय जोडल्यावर कुठलंही पान उघडलं तरी आधी मोबाइल नंबर मागणारं पान येतं, तेही मुद्दाम घातलेलं वळण. सरकारी आदेशाने बंद केलेल्या साइटवर गेलात तर दूरसंचार विभागाचा उल्लेख असलेली सूचना दिसते. तीही तुमच्या कॉम्प्युटरने आणलेली नसते, सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेतून आलेली असते. हे सगळं ओळखता आलं की निम्मी भीती तिथेच कमी होते.

खरा प्रश्न येतो तो आपण न सांगितलेल्या आणि साइटनेही न सांगितलेल्या वळणाचा. तो समजायला नावावरून पत्ता कसा मिळतो हे थोडं पाहावं लागेल. इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, नावं आपल्या सोयीसाठी असतात. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट जाळ्यात सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचं केंद्र सांभाळत असे, आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. यंत्रं वाढली तशी ती पद्धत पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. त्यात यादी एका जागी राहिली नाही. प्रत्येक जण आपापल्या नावांची जबाबदारी घेतो, आणि विचारणाऱ्याला साखळीतून उत्तर मिळतं. तुमचा कॉम्प्युटर राउटरला विचारतो, राउटर नेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला, आणि तो पुढे जगभर.

या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: उत्तर देणारा खरं बोलतोय. मूळ डीएनएसमध्ये उत्तरावर सही नसते, शिक्का नसतो. जो उत्तर देईल त्याचं मानायचं. पुढे सहीची सोय झाली, २०१० च्या जुलैत साखळीच्या अगदी वरच्या टोकालाही ती लागू झाली, तरी घरगुती राउटर ती सही तपासतोच असं नाही. गंमत म्हणजे ती जुनी फाइलही पुरती गेलेली नाही. विंडोजमध्ये सिस्टिम ३२ च्या आत, ड्रायव्हर्स आणि मग ईटीसी या फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाची फाइल आजही असते, आणि डीएनएसला विचारण्याआधी कॉम्प्युटर तिच्यात डोकावतो. तिच्यात बँकेच्या नावापुढे कुणी भलता आकडा लिहून ठेवला, तर पुढची सगळी साखळी प्रामाणिक असूनही उपयोग नाही.

आता जागा शोधायची कशी? या पुस्तकाचा पाया असलेली चाचणी साधी आहे. तिला पैसे लागत नाहीत, फक्त एक मोबाइल लागतो. बिघडलेला कॉम्प्युटर घरच्या वाय-फायवरून काढा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. तरीही पान भलतीकडेच जातंय? मग दोष बहुधा कॉम्प्युटरमध्येच आहे. हॉटस्पॉटवर सगळं सुरळीत झालं? मग संशय राउटरवर किंवा त्याच्या पलीकडे. नंतर उलट करून पाहा: मोबाइलचा डेटा बंद करून त्याला घरच्या वाय-फायवर आणा आणि त्याच्यावर तीच साइट उघडा. तिथेही वळण लागलं तर कॉम्प्युटर सुटला. गच्चीवरच्या टाकीत गढूळ पाणी आलेलं असताना एका घरातला फिल्टर बदलून काही होत नाही. फॉरमॅटचं नेमकं तसंच होतं.

या चाचणीला दोन कंगोरे आहेत, आणि तिथे चुकलं तर निकाल फसवा निघतो. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ अशी सेटिंग आहे. ती चालू असेल तर फोन राउटरला विचारतच नाही, थेट दुसरीकडे विचारतो. मग राउटर खोटं बोलत असला तरी फोनवर सगळं बरोबर दिसतं. ब्राउझरमधल्या ‘सिक्युअर डीएनएस’मुळेही तसंच होतं. म्हणून चाचणीपुरत्या दोन्ही बंद करायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे आठवण. ब्राउझर आणि कॉम्प्युटर दोघेही जुनी उत्तरं काही काळ जपून ठेवतात. नेट बदललं तरी जुनंच उत्तर वापरलं जातं. त्यामुळे प्रत्येक चाचणीआधी आठवण पुसायची आणि प्रायव्हेट विंडोत उघडायचं.

दोष कॉम्प्युटरचाच निघाला तर घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. बहुतेक वेळा दोषी असतं एखादं एक्स्टेन्शन: पीडीएफ बदलून देणारं, व्हिडिओ उतरवून देणारं, कूपन शोधणारं. घेताना त्याने ‘सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितलेली असते आणि आपण ती दिलेली असते. सगळी एक्स्टेन्शन बंद करून एकेक चालू केलं की दोषी सापडतं. बक्षिसाची आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशी कोपऱ्यात येणारी पत्रकं तर बहुतेकदा रिडायरेक्टही नसतात. कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, तिचा तो प्रताप. ती काढली की संपलं. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये शेवटी एखादा पत्ता चिकटवलेला असणं, प्रॉक्सीची सेटिंग कुणी बदललेली असणं, घरच्याच कॉम्प्युटरवर ब्राउझर ‘तुमच्या संस्थेकडून नियंत्रित’ असं सांगत असणं या आणखी काही खुणा. त्या दुसऱ्या प्रकरणात चित्रांसह दिल्या आहेत, इथे त्यावर जास्त रेंगाळत नाही.

रेंगाळायचं आहे ते राउटरपाशी, कारण घरातलं सगळ्यात दुर्लक्षित यंत्र तेच आहे. डोंबिवलीतल्या एका घरी मी हेच पाहिलं. आजोबांच्या कॉम्प्युटरवर बँकेच्या जागी भलतं पान यायचं, तो दोनदा फॉरमॅट झालेला, आणि आजोबांनी पेन्शनची नोंद पाहायला पुन्हा पासबुक घेऊन रांगेत उभं राहायला सुरुवात केली होती. काळ्या कमांड खिडकीत आम्ही ‘एनएसलुकअप’ आणि त्यापुढे बँकेचं नाव टाइप केलं. वरच्या ओळीत उत्तर कुणी दिलं ते येतं: १९२.१६८.१.१, म्हणजे घरचाच राउटर. खाली बँकेचा म्हणून एक आकडा आला. मग तीच आज्ञा पुन्हा दिली, या वेळी शेवटी १.१.१.१ जोडून, म्हणजे राउटरला न विचारता क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक सर्व्हरला थेट विचारा असं सांगून. आकडा वेगळा आला. नुसता वेगळा आकडा हा पुरावा नव्हे, कारण मोठ्या साइट एका नावाला ठिकठिकाणी वेगळे आकडे देतात. तो आकडा कुणाच्या नावावर आहे हे पाहावं लागतं. पहिला आकडा परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरचा निघाला.

राउटरचं पान उघडलं. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन, खालच्या स्टिकरवर छापलेला. नेट बसवून देणाऱ्याने तो बदलला नव्हता, बदलायला सांगितलंही नव्हतं. डीएनएसच्या पहिल्या रकान्यात अनोळखी परदेशी आकडा होता, आणि दुसऱ्यात ८.८.८.८, म्हणजे गुगलचा खराखुरा सर्व्हर. हा दुसरा रकाना नीट लक्षात ठेवा. लबाडाचा सर्व्हर बंद पडला तरी घरातलं नेट चालू राहावं आणि कुणाला शंका येऊ नये, म्हणून तो तसा भरलेला असतो. त्यामुळेच वळण कधी लागतं, कधी लागत नाही. शिवाय असा सर्व्हर सगळ्याच नावांना खोटं सांगत नाही. हजार नावांना खरं उत्तर देतो आणि मोजक्या नावांना खोटं. ‘बाकी सगळं तर नीट चालतंय’ हा निर्वाळा म्हणूनच इथे कामाचा नाही. रकाने दुरुस्त करून पासवर्ड बदलल्यावर आजोबांनी स्वतःच्या हाताने बँकेचं पान उघडलं. घरातल्यांनी आपणहून त्यांची माफी मागितली, ते मला सर्वांत मोलाचं वाटलं.

हे एका घरापुरतं नाही. राउटरमधलं डीएनएस बदलता येतं, तेही त्याला हात न लावता, नुसतं एखादं पान घरातल्या ब्राउझरमध्ये उघडायला लावून, हे २००७ च्या फेब्रुवारीत सिमँटेक आणि इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं. वर्षही उलटलं नाही तोच, २००८ च्या जानेवारीत, मेक्सिकोत ते प्रत्यक्ष घडलं. शुभेच्छापत्राचा ईमेल उघडला की राउटरमध्ये तिथल्या एका बँकेच्या नावापुढे खोटा आकडा बसायचा. ब्राझीलमध्ये मोडेमच्या एका त्रुटीचा फायदा घेऊन ४५ लाख मोडेमचं डीएनएस बदललं गेलं, ते २०१२ मध्ये जगासमोर आलं. २०२० च्या मार्चमध्ये, सगळे घरात अडकलेले असताना, काही राउटर असेच बदलले गेले आणि लोकांसमोर जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने करोनाची माहिती देणारं अ‍ॅप घ्या म्हणणारं पान येऊ लागलं. अ‍ॅप माहिती चोरणारं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत शिकवणारं वाटतं ते डीएनएसचेंजरचं प्रकरण. एस्टोनियातल्या एका टोळीने १०० हून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरचं डीएनएस आपल्या सर्व्हरकडे वळवलं होतं. जमेल तिथे ते घरच्या राउटरमध्येही कारखान्याचा पासवर्ड वापरून शिरत. ॲपलच्या आयट्यून्सची लिंक दाबणारा माणूस ॲपलशी संबंध नसलेल्या दुकानात पोचायचा, अमेरिकेच्या आयकर खात्याची लिंक दाबणारा एका खाजगी कर-सल्लागार कंपनीकडे. जाहिरातींवरच्या अशा क्लिकमधून टोळीने किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले. अँटिव्हायरसचे अपडेटही ते अडवत. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने ती टोळी पकडली. पण मग पेच पडला: लबाड सर्व्हर बंद केले तर ४० लाख कॉम्प्युटरना उत्तर द्यायला कुणी उरणार नाही, म्हणजे त्या घरांचं नेटच बंद. शेवटी न्यायालयाच्या परवानगीने इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम या संस्थेने त्याच पत्त्यांवर प्रामाणिक सर्व्हर बसवले. मुदत आधी मार्च २०१२ ची होती, ती ९ जुलैपर्यंत वाढवावी लागली, कारण माणसं आपले कॉम्प्युटर दुरुस्त करत नव्हती. करणार तरी कशी? त्यांना काही बिघडल्याचंच कळलेलं नव्हतं. पकडण्याआधीही कळलं नव्हतं, नंतरही नाही.

राउटर दोषी ठरला की लोक मागच्या छिद्रात टाचणी घालून रीसेट करतात. थांबा. अनेक घरांत नेट युजरनेम-पासवर्डने जोडलेलं असतं, आणि ते रीसेटमध्ये पुसले जातात. ते तुमच्याकडे लिहिलेले नसतील तर केबलवाला येईपर्यंत नेट बंद. म्हणून आधी राउटरच्या पानांचे फोटो काढा, सेवादात्याकडून युजरनेम मागून घ्या, मगच टाचणीला हात लावा. रीसेटनंतर पहिलं काम अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलणं. वाय-फायचा पासवर्ड हा वेगळा असतो, तो बदलून हे काम होत नाही, आणि याची गल्लत मी फार घरी पाहतो. मग बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करा आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी डीएनएसचा रकाना वेगळा असतो, तोही पाहा. पहिला दुरुस्त करून हा तसाच राहिला तर वळण लागतच राहतं. राउटर इतका जुना असेल की कंपनी त्याचं फर्मवेअर काढतच नाही, तर तो बदलावा, दुरुस्त करू नये.

दोष राउटरच्याही पलीकडे, सेवा देणाऱ्याकडे, असू शकतो का? असू शकतो, आणि हे म्हणायला संकोच करण्याचं कारण नाही. २००३ च्या सप्टेंबरमध्ये व्हेरिसाइन या .कॉम आणि .नेट सांभाळणाऱ्या कंपनीने अस्तित्वात नसलेलं कुठलंही नाव टाइप केलं की आपल्या स्वतःच्या शोध-पानाकडे वळवायला सुरुवात केली. तीन आठवड्यांच्या आत, प्रचंड विरोधानंतर, तिला ते थांबवावं लागलं. साध्या, कुलूप नसलेल्या पानांत वाटेत जाहिराती घुसवण्याचे प्रकार भारतातही झाले आहेत. अशा वेळी ग्राहकाच्या हातात पुरावा हवा: तारीख, वेळ, एनएसलुकअपच्या दोन्ही उत्तरांचा फोटो. ‘नेट नीट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवर काही होत नाही. कॉल सेंटरवरचा मुलगा राउटर बंद करून चालू करायला सांगतो आणि तक्रार बंद होते.

या सगळ्यात एचटीटीपीएसचे, म्हणजे वेबच्या कुलूपबंद मार्गाचे, आभार मानावेत तेवढे थोडे. खोट्या सर्व्हरकडे बँकेच्या नावाचं खरं प्रमाणपत्र नसतं, म्हणून ब्राउझर लाल इशारा देतो. २०१२ पासून साइटना ‘माझ्याकडे फक्त कुलूपबंद मार्गानेच या’ असं ब्राउझरला बजावून ठेवण्याचीही सोय आहे, आणि तसं बजावलेल्या साइटवर तो इशारा ओलांडताच येत नाही. पण कॉम्प्युटरमध्येच खोटं प्रमाणपत्र पेरलेलं असेल तर हे कवच गळून पडतं. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये दुकानातून येतानाच सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आणि त्याचं प्रमाणपत्र बसवलेलं निघालं होतं. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून पुढे जाण्याची सवय मात्र आपली आपणच लावून घेतलेली असते. बँकेच्या पानावर असा इशारा आला तर तिथेच थांबायचं. चाचणीही त्या पानावर पुढे जाऊन करायची नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे: आधी हॉटस्पॉटची चाचणी, मग ब्राउझर, मग कॉम्प्युटर, मग राउटर, शेवटी सेवादाता. ज्यांना फक्त राउटर तपासायचा आहे त्यांनी थेट चौथं प्रकरण उघडायला हरकत नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची, २०१७ पासून मोफत मिळणारी साधनं तिसऱ्या प्रकरणात आहेत. ज्यांनी अशा पानावर पिन किंवा ओटीपी देऊन टाकला आहे त्यांनी मात्र हे पुस्तक बाजूला ठेवावं, आधी १९३० या हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करावा, कार्ड बंद करून घ्यावं, आणि पासवर्ड दुसऱ्या नेटवरून, दुसऱ्या यंत्रावर बदलावेत. राउटर नंतर पाहता येईल.

सुरुवात करण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या. राउटरचा पत्ता, त्याचं मॉडेल, नेटचं युजरनेम, डीएनएसचे आत्ताचे दोन्ही आकडे आणि आजची तारीख त्यावर लिहा. पासवर्ड लिहायचा असेल तर तोही लिहा आणि कागद रेशनकार्डाच्या फायलीत ठेवा. पुढच्या प्रत्येक प्रकरणात या कागदाची गरज पडणार आहे.